महाडच्या पुढे तळिये

महाड म्हणजे आपल्यासाठी चवदार तळे. २० मार्च १९२७ चा सत्याग्रह स्मरून हजारो बांधव दरवर्षी तेथे जातात, अभिवादन करतात आणि परततात. त्याच तालुक्यात, डोंगराच्या कुशीत, तळिये नावाचे गाव आहे. एखाद्या खेपेस तिकडेही जावे.

२२ जुलै २०२१ रोजी महाड शहर पुरात बुडाले. त्याच दिवशी तळियेची एक वाडी दरडीखाली गेली. ८० हून अधिक माणसे दगावली. रस्ते पाण्याखाली असल्याने मदत पोहोचायलाही उशीर झाला. १९ जुलै २०२३ च्या रात्री याच रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडी ही ठाकर आदिवासींची वाडी गाडली गेली. दरडीचा धोका असलेल्या गावांच्या यादीत तिचे नावच नव्हते, असे शासनाने विधिमंडळात सांगितले.

कोणी म्हणतात, देवाचा कोप झाला. तथागतांनी तर शिकवले की, कारणावाचून काही घडत नाही. पावसाचे पाणी मुरते, माती जड होते, तिची खडकावरील पकड सुटते आणि उतार खाली येतो. त्याआधी पुष्कळदा डोंगरावर भेगा पडतात. त्या पायथ्यावरून दिसत नाहीत.

येथे ड्रोन उपयोगी पडतो. हल्ली लग्नात डोक्यावर भिरभिरणारा उडता कॅमेरा तो हाच. डोंगरावर ओळीने फिरून तो शेकडो फोटो घेतो. प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोतील काही भाग पुन्हा येतो. त्यावरून संगणक फोटो जोडतो आणि उताराचा उंचसखल नकाशा तयार करतो. पावसाळ्यापूर्वीचा व नंतरचा नकाशा ताडून पाहिला की, कोठे भेग रुंदावली, कोठे जमीन खचली, ते कळते. मात्र मुसळधार पावसात ड्रोन उडवता येत नाही आणि दाट झाडीखालची जमीन साध्या कॅमेऱ्याला दिसत नाही. म्हणून पाहणी उन्हाळ्यात व्हावी, आणि गावकऱ्यांची नजरही हवी. झाडे कलली, झरा एकाएकी गढूळ झाला, भिंतीला नवी भेग पडली, तर ताबडतोब कळवावे.

नकाशा कचेरीच्या कपाटात राहिला तर वाडी वाचणार नाही. मुंबईत राहणाऱ्या आपल्या कित्येक कुटुंबांचे गाव कोकणात डोंगरपायथ्याशी आहे. १ मेच्या ग्रामसभेला गावी गेलात तर उभे राहून विचारा : आमची वाडी यादीत आहे काय? पाहणी कधी झाली? नकाशा कोठे आहे?

तळ्याचे पाणी जसे सर्वांचे, तशी डोंगराची माहितीही सर्वांचीच आहे. ती मागून घेतली पाहिजे.