दिवा विझण्यालाही कारण असतं

इंदूरमधल्या त्या मराठी घरात नवरात्राच्या दुसऱ्याच पहाटे अखंड दिवा विझला. सासूबाई चार वाजता उठल्या, तेव्हा देवघरात अंधार होता. त्यांनी कुणाला हाक मारली नाही. समई पुन्हा लावली, हात जोडले आणि स्वयंपाकघरात जाऊन बसल्या. सून उठल्यावर एवढंच म्हणाल्या, ''रात्री तेल तूच घातलं होतंस ना?''

सुनेचं लग्नानंतरचं हे पहिलंच नवरात्र. तेल तिनंच घातलं होतं, तेही काठोकाठ. आपलं काय चुकलं हे तिला कळेना. नवऱ्याच्या नोकरीचं त्या दिवसांत काही मनासारखं चाललं नव्हतं. त्यामुळे घरात उघड कुणी बोललं नाही, तरी प्रत्येकाच्या मनात काय आहे ते तिला दिसत होतं. दुपारी शेजारच्या काकू आल्या, तेव्हा सासूबाईंच्या तोंडून 'अपशकुन' हा शब्द निघाला आणि आत पोळ्या लाटणाऱ्या सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं.

आपल्याकडे दिवा 'विझला' असं म्हणायचीही पद्धत नाही. 'शांत झाला' म्हणतात. दिव्याशी घराचं बरंवाईट जोडलेलं असतं आणि दिव्याची देखभाल मात्र घरातल्या बाईकडे असते. साहजिकच दिवा गेला की दोषही तिच्याच पदरात पडतो.

पण ही सून नुसती रडत बसणाऱ्यांपैकी नव्हती. त्या रात्री ती समईजवळ जागत बसली. मध्यरात्रीनंतर तेल बरंच खाली गेलं आणि ज्योत तडतडू लागली. बारीक ठिणग्या उडाल्या, ज्योत लहान झाली. तिनं चटकन तेल घालून वात पुढे सारली, तेव्हा कुठे ती सावरली. ती तडतड तिच्या ओळखीची होती. ओल्या कढईत तेल तापवलं की असाच आवाज येतो. म्हणजे समईत पाणी होतं!

पाणी आलं कुठून? घटस्थापनेच्या सकाळी तिनं समई चिंचेनं लखलखीत घासली होती, वरवर पुसली होती आणि घाईघाईनं तेल-वात केली होती. पेचात आणि कोपऱ्यांत राहिलेलं पाणी तेलाहून जड, म्हणून ते तळाशी जाऊन बसलं. तेल भरपूर होतं तोवर काही बिघडलं नाही. तेल कमी झालं तसं वातीनं तळाचं पाणी ओढलं. पाणी जळत नाही. त्याची वाफ होते आणि ज्योत गार पडते. वातीही सासूबाईंनी ओल्या बोटांनी वळून तशाच डब्यात भरल्या होत्या, हेही तिला आठवलं. उपाय साधा होता. समईचे भाग सुटे करून कोरड्या फडक्यानं पुसायचे, उन्हात ठेवायचे आणि वातीही वाळवून घ्यायच्या.

दिव्याच्या इतर तक्रारींचंही असंच आहे. वात केशाकर्षणानं तेल वर ओढते. तिचं टोक फार बाहेर असेल, तर तेल जास्त येतं, त्याला हवा पुरत नाही आणि न जळलेला कार्बन काजळी होऊन भिंतीवर बसतो. दिवा धूर सोडू लागला, तर वात मागे ओढून गव्हाच्या दाण्याएवढं टोक बाहेर ठेवावं. उलट ज्योत मिणमिणत असेल, तर टोकावरची कडक काजळी चिमट्यानं काढावी. वात फार घट्ट वळली असेल किंवा एरंडेलासारखं दाट तेल असेल, तरीही ज्योत मंद राहते. वात शुद्ध कापसाचीच हवी. नायलॉन मिसळलेला धागा वितळून त्याच्या गाठी होतात.

ताटलीत तेल साचतं, तेव्हा दर वेळी समई गळकीच असते असं नाही. वातीचं टोक काठाबाहेर खाली लोंबत असेल, तर तेल तिच्यातूनच ठिबकत राहतं. थंडीत खोबरेल तेल साधारण 24 अंशांच्या खाली गोठू लागतं, तूपही थिजतं. अशा दिवसांत तिळाचं तेल बरं. तेल घालायचं ते ज्योतीपासून दूर, पळीनं, थोडं थोडं. समईत रॉकेल मात्र कधीही घालू नये, त्याची वाफ पटकन पेट घेते. तेलानं पेट घेतलाच, तर पाणी ओतू नये, झाकण घालून ज्वाळा कोंडाव्यात. आणि दिव्याजवळ वावरताना पदर खोचलेला असावा.

सकाळी सुनेनं सासूबाईंसमोर दोन निरांजनं ठेवली. एक कोरडं, दुसऱ्यात तेलाखाली चमचाभर पाणी. काही वेळानं दुसरं तडतडून विझलं.

सासूबाई बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, ''माझ्याही पहिल्या नवरात्रात दिवा शांत झाला होता. त्याच दिवाळीत मामंजी गेले. सगळ्यांनी बोट माझ्याकडेच दाखवलं. मलाही तेच खरं वाटत आलं.''

''आई, तेव्हा समई कशानं घासली होती?''

''चिंचेनंच की. विहिरीवर. घाईघाईत.''

दोघी काहीच बोलल्या नाहीत. तीस वर्षं मनात बाळगलेली ती सल एका वाक्यात जाणार नव्हती. पण त्या दिवशी काकू पुन्हा डोकावल्या, तेव्हा सासूबाईच पुढे होऊन म्हणाल्या, ''अहो, समईत पाणी राहिलं होतं. माझ्या वातीही ओल्याच होत्या.''

मग त्यांनी तेल-वात दुसऱ्या कोरड्या समईत केली आणि जुन्या समईच्या ज्योतीवरच ती लावून घेतली. घासलेली समई उन्हात वाळत ठेवली. उरलेल्या रात्री दोघींनी पाळीनं तेल घातलं. दिवा दसऱ्यापर्यंत तेवत राहिला. तो मधेच विझला असता, तरी या वेळी कुणी सुनेकडे पाहिलं नसतं. आधी वात पाहिली असती.