पंचवीस वर्षांनंतरची वर्गणी

कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातून एम. कॉम. झालेली ती तुकडी पंचवीस वर्षांनी दोन दिवसांसाठी एकत्र येणार होती. रंकाळ्यावरची संध्याकाळ आणि पन्हाळ्याची सहल चटकन ठरली. अडले ते वर्गणीपाशी. भरणा व्यापाऱ्यांचा, त्यामुळे आकडा चढतच गेला. शाहूपुरीतील गुळाची अडत बंद करावी लागलेला मित्र मात्र व्हॉट्सअ‍ॅपवर मौनच धरून होता. ते एका मैत्रिणीच्या ध्यानात आले. हॉटेलाऐवजी साधे अतिथिगृह ठरले, वर्गणी निम्म्यावर आली, देणगीदारांचा फलकही रद्द झाला. (व्यापाऱ्यास हा त्याग सर्वांत जड!)

तो आला. पन्हाळ्यावर अंबरखान्यातील गंगा, यमुना, सरस्वती ही धान्यकोठारे पाहताना साठवणुकीचे बारकावे तोच सांगत होता, आणि सारे ऐकत होते.