फॉरमॅट मारण्याआधी

बीड जिल्ह्यातल्या वडवणीसारख्या तालुक्याच्या गावात लॅपटॉप ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. सातबारा, आठ-अ, उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्तीचा अर्ज, पीकविमा ही सगळी कामं सेवा केंद्रातल्या एका यंत्रावरून होतात. २०२३ साली एक रुपयात पीकविमा सुरू झाला तेव्हा जुलैअखेरच्या मुदतीपर्यंत या केंद्रांसमोर किती रांगा लागल्या, ते मराठवाड्याने पाहिलं आहे. नेमकं अशाच वेळी यंत्र एकाएकी रेंगाळू लागतं. माउसचा बाण जागच्या जागी अडकतो, पंखा घरघरतो आणि थोड्या वेळाने पडदा निळा नाहीतर काळा होतो. त्यावर एकच सल्ला मिळतो: फॉरमॅट मार, विंडोज नवी टाक. माझं म्हणणं असं की हा सल्ला शेवटी द्यायचा असतो आणि आपण तो सगळ्यांत आधी देतो. काल नीट चालणारं यंत्र आज चालत नाही, म्हणजे मधल्या वेळात काहीतरी बदललं आहे. काय बदललं याचा बराचसा पुरावा यंत्रातच असतो आणि फॉरमॅट तोच पुसून टाकतं.

ही सवय आली कुठून, हे समजून घेतलं पाहिजे, कारण एकेकाळी ती रास्त होती. एमएससीआयटी हा संगणकाचा अभ्यासक्रम चालवणाऱ्या एमकेसीएलची स्थापना २००१ सालची. त्याच वर्षी विंडोज एक्सपी आली. त्यानंतरच्या दशकात एमएससीआयटीच्या वर्गांमुळे गावोगावच्या मुलांचे हात पहिल्यांदा कीबोर्डवर पडले. त्या काळी एका पेनड्राइव्हमधून दुसऱ्या संगणकात व्हायरस आपोआप शिरत असे, कारण पेनड्राइव्ह लावताच त्यातला प्रोग्राम आपणहून चालू होण्याची सोय विंडोजमध्येच होती. दर काही महिन्यांनी सी ड्राइव्ह पुसणं हा त्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय होता. २००९ च्या विंडोज ७ मध्ये पेनड्राइव्हची ती सोय बंद झाली, पुढे विंडोजसोबतच अँटिव्हायरस येऊ लागला. आजार बदलला, पण औषध तेच राहिलं.

आजच्या लॅपटॉपचा आपल्या भागातला पहिला शत्रू ऊन आहे. भोवतालचं तापमान साधारण ३५ अंशांपर्यंत असावं, असं बहुतेक कंपन्या माहितीपत्रकात लिहितात. बीड जिल्ह्यात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि पत्र्याच्या दुकानात त्याहून जास्त उकडतं. म्हणजे यंत्र ज्या हवेत चालावं म्हणून बनवलं, त्या हवेत ते उन्हाळाभर चालतच नाही. त्यात धूळ आणि कापसाच्या हंगामातली तूस पंख्याच्या जाळीत बसते. प्रोसेसर आणि तांब्याची नळी यांच्यामधली पेस्ट काही वर्षांत वाळते. प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास पोहोचला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो आणि तरीही तापमान उतरलं नाही तर यंत्र थेट बंद होतं. आपण ज्याला हँग होणं म्हणतो ते पुष्कळदा हे स्वसंरक्षण असतं. त्याची खूण अगदी साधी आहे: सकाळी काम सुरळीत, दुपारी अडखळत, संध्याकाळी पुन्हा ठीक. व्हायरस घड्याळ आणि ऊन बघून असा वागत नाही. अशा यंत्रात कितीही वेळा नवी विंडोज टाकली तरी दुपार चुकणार नाही. तिथे ब्लोअर, नवी पेस्ट आणि हवा खेळती राहील अशी जागा लागते.

दुसरी शंका विजेवर घ्यावी. व्होल्टेज कमी-जास्त होतं, मूळ चार्जर जळतो आणि बाजारातून स्वस्तातला डुप्लिकेट येतो. काही लॅपटॉप अनोळखी किंवा कमी ताकदीचा चार्जर ओळखून प्रोसेसरचा वेग मुद्दाम खाली आणतात. बॅटरी संपत आली असेल तर लाइट जाताच यंत्र झटक्यात बंद पडतं आणि माणूस म्हणतो, क्रॅश झालं. वीज जाऊन बंद पडणं आणि क्रॅश होणं यांतला फरक विंडोज स्वतः नोंदवून ठेवते. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये कर्नल-पॉवर ४१ ही नोंद सापडली तर यंत्र रीतसर बंद न होता थांबलं, एवढं नक्की कळतं. तिच्यासोबत निळ्या पडद्याचा संकेतांक नसेल, तर संशय आधी वीज आणि तापमानावर घ्यावा. रिलायबिलिटी मॉनिटर उघडला तर कोणत्या तारखेला काय बसवलं आणि कोणत्या तारखेपासून बिघाड सुरू झाले हे एकाखाली एक दिसतं. (बॅटरी फुगून टचपॅड वर उचलला गेला असेल तर मात्र काही तपासत बसू नये, यंत्र बंद करून बॅटरी काढून घ्यावी, तिथे आगीचा धोका असतो.)

तिसरी शंका डिस्कची, आणि इथेच फॉरमॅटची घाई सर्वांत महाग पडते. जुन्या लॅपटॉपमधली हार्डडिस्क म्हणजे बहुधा मिनिटाला ५४०० फेरे घेणारी तबकडी. तिचे काही भाग खराब झाले की डिस्क तीच जागा पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करते आणि तोवर सगळं यंत्र ताटकळतं. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के दिसते, प्रोसेसर मात्र जवळजवळ रिकामा. अशा मरणपंथाला लागलेल्या डिस्कवर नवी विंडोज लिहिणं म्हणजे तिच्यावर आणखी भार टाकणं. आधी माहिती दुसरीकडे उतरवून घ्यावी आणि मग नवी एसएसडी टाकावी. लोकांचे अर्ज आणि पावत्या ज्यात आहेत त्या यंत्राच्या बाबतीत हा क्रम उलटा होणं मला अक्षम्य वाटतं.

बिघाड खरोखर सॉफ्टवेअरचा असला तरीही आधी विचारायचं ते हेच, की काय बदललं. १९ जुलै २०२४ रोजी जगभरातल्या सुमारे ८५ लाख विंडोज संगणकांवर निळा पडदा आला. भारतात विमानप्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. कारण होतं क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा प्रणालीच्या अपडेटमधली एक सदोष फाइल. सेफ मोडमध्ये जाऊन ती एक फाइल काढली की संगणक पूर्ववत चालू होत होता. त्या दिवशी आधी फॉरमॅट करणाऱ्याने काय गमावलं असतं, याचा विचार करून पाहावा.

यावर केंद्रचालक म्हणेल की समोर वीस माणसं उभी असताना नोंदी वाचायला वेळ कुठे आहे. फॉरमॅटने तासा-दोन तासांत काम होतं आणि पुष्कळदा लॅपटॉप खरंच सुधारतो. सुधारतो, हे मान्य. सुरू होतानाच चालणारे नको ते प्रोग्राम, भरलेली डिस्क, ब्राउझरची ओझी हे सगळं पुसलं जातं. पण तेच काम स्टार्टअपची यादी छाटून आणि जागा मोकळी करून कमी वेळात होतं. शिवाय पहिल्या तपासणीला इंग्रजी नोंदीसुद्धा लागत नाहीत. यंत्राच्या बुडाला हात लावून ते किती तापलं ते बघावं, पंखा फिरतो का ते ऐकावं, बिघाड कोणत्या वेळी होतो ते वहीत टिपावं. आणि फक्त पोर्टलचं पान अडकलं असून बाकी यंत्र नीट चालत असेल, तर दोष नेटचा किंवा सर्व्हरचा आहे, लॅपटॉपचा नव्हे. मुदतीच्या आठवड्यात हा शेवटचा फरक ओळखता आला तरी कितीतरी यंत्रं विनाकारण पुसली जाणार नाहीत.

दुसरा आक्षेप वयाचा: पाच वर्षं झाली, आता म्हातारं झालं, नवं घ्या. प्रोसेसर वयाने मंदावत नाही. पहिल्या दिवशी सेकंदाला जेवढं काम करायचा तेवढंच आजही करू शकतो. थकतात ते पंखा, पेस्ट, बॅटरी आणि डिस्क, आणि हे चारही भाग बहुतेक यंत्रांत बदलता येतात. रॅमचं तसं नाही; पातळ लॅपटॉपमध्ये ती अनेकदा बोर्डलाच जोडलेली असते, तिथे हात टेकावे लागतात. नवं घेण्याचं एक खरं कारण मात्र आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबला आणि बऱ्याच जुन्या प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही. जिथे दिवसभर लोकांचे आधार क्रमांक आणि बँक खाती टाइप होतात, तिथे सुरक्षेचे अपडेट न येणारं यंत्र ठेवणं धोक्याचं आहे आणि तिथे नव्याचा खर्च करावाच. पण तो खर्च सुरक्षेसाठी होईल. नवा लॅपटॉपही त्याच पत्र्याखाली, हवेची जाळी भिंतीला चिकटवून ठेवला, तर पुढच्या मे महिन्यात दुपारी तोही बंद पडेल.