तुझ्या तारखा

चिंचवड. पवनेवर उतरलेलं ऊन. मोरया गोसावींच्या देवळाखालचा घाट, पायऱ्या, पाणी.

आणि तू नाहीस, आई.

चौकाला तुझ्या मुलांचं आडनाव आहे. चापेकर चौक. संध्याकाळी गणवेशातली पोरं चाकणच्या बसची वाट पाहतात, कानाला फोन. पलीकडून बीडची, लातूरची कुणी आई विचारते, जेवलास का?

तू कुणाला विचारायचंस?

जयू आणि नचिकेत पटवर्धनांनी १९७९ साली सिनेमा केला, ‘२२ जून १८९७’. तारीखच नाव झाली. ती तारीख मुलांची, इंग्रज अधिकारी रँडवर गोळी झाडल्याची. तुझ्या वेगळ्या, फाशीच्या. १८ एप्रिल १८९८, दामोदर. ८ मे १८९९, वासुदेव. १२ मे, बाळकृष्ण.

मध्ये चार दिवस.

त्या चार दिवसांतही ऊन अंगणात रोजच्यासारखं आलं असेल, तुळशीवरून ओसरीवर, ओसरीवरून माजघराच्या उंबऱ्याशी, आणि तिथंच घुटमळलं असेल, कारण आत थोरल्या सुनेचं कपाळ वर्षापूर्वीच मोकळं झालेलं, धाकटा कालच गेलेला, मधला अजून येरवड्याच्या भिंतीआड श्वास घेत असलेला, आणि तांदळाचं माप हातात धरून तू उभी, किती घ्यायचे ते न कळून.

मग माप खाली ठेवलं असशील.

भगिनी निवेदिता तुला भेटायला आल्या होत्या म्हणतात. तू टिपूस काढलं नाहीस म्हणे. चौथा मुलगा नाही, याचंच दुःख, असं म्हणालीस म्हणे. खरं सांगू? मला ते वाक्य नको. फार सुंदर आहे, म्हणूनच नको. वीरांच्या आयांना आपण असंच बोलायला लावतो, आणि बोलून झालं की उजेड दुसरीकडे वळवतो.

‘श्यामची आई’ साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहायला घेतली. बेचाळीस रात्री मुलगा आईला आठवत राहिला. अत्र्यांनी १९५३ साली तिला पडद्यावर आणलं, आणि अंधारात बसून सारा महाराष्ट्र रडला. तिथं सांगायला श्याम उरला होता.

दामोदरनंही तुरुंगात आत्मवृत्त लिहिलं. ते वाचायला मिळतं. त्यात तुझे ते चार दिवस कुठून असणार? तोवर तो गेला होता.

मराठीत कुणी लिहिणारा असेल, तर त्यानं १८९९च्या मे महिन्यातले ते चार दिवस लिहावेत. चौथ्या मुलाचं वाक्य वगळून.