साडेअकरा हजारांचा शेक

गेल्या वैशाखात धाकट्या दिरांच्या मुलीचं लग्न झालं. महिन्याभराने फोटो आले. आम्ही सगळ्याजणी माजघरात बसून बघत होतो. एका फोटोवर बोट ठेवून मी विचारलं, "ह्या कोण हो, मुलाकडच्या?" जाऊबाई आधी माझ्याकडे बघतच राहिल्या आणि मग पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. ती मीच होते! बाजूने काढलेला फोटो. हनुवटीखाली कातडी सुटून लोंबत होती, गाल खाली उतरले होते. मीही हसले सगळ्यांबरोबर. पण त्या रात्री न्हाणीघरातल्या आरशासमोर दहा मिनिटं उभी होते.

माझं वय ५१. पाळी जाऊन दोन वर्षं झाली. आम्ही जव्हारला राहतो. हवा छान, पाऊस म्हणाल तर आषाढ-श्रावणात समोरचं घर दिसत नाही इतकं धुकं. राजवाडा बघायला मुंबई-नाशिकची माणसं येतात. पण चेहऱ्याला काही करून घ्यायचं म्हटलं, तर भुवया आणि फेशियल इथवरच आमच्या गावाची मजल. पुढचं सगळं नाशिकला नाहीतर ठाण्याला. कुरियरवाला मात्र हल्ली आमच्या आळीपर्यंत येतो. घात झाला तो तिथे.

भाचीने फोनवर एक यंत्र दाखवलं. घरच्या घरी कातडी घट्ट करणारं, किंमत साडेअकरा हजार. नेमकी त्याच महिन्यात माझी भिशी लागली, बारा हजारांची. ते पैसे सासूबाईंच्या मोतीबिंदूसाठी ठेवायचे हे आम्हा दोघांचं ठरलेलं होतं. सरकारी दवाखान्यात ऑपरेशन फुकट होतं, पण ह्यांना ते नाशिकलाच करायचं होतं. मी ह्यांना सांगितलं, "भिशी अजून लागली नाही हो, बहुतेक दिवाळीच्या सुमारास लागेल." अठ्ठावीस वर्षांच्या संसारात पैशाच्या बाबतीत बोललेलं हे माझं पहिलं खोटं. दुधाच्या हिशेबातली धरायची नसतात.

हे मोखाड्याच्या शाळेत शिकवतात. सकाळच्या एस.टी.ने जातात ते संध्याकाळी उगवतात. म्हणजे दुपार माझी. यंत्र दिसायला केस विंचरायच्या ब्रशासारखं, टोकाला धातूचे चार ठिपके. आधी चेहऱ्याला जेल लावायचं, मग बटण दाबून हनुवटीपासून कानाकडे, गालापासून कपाळाकडे फिरवत राहायचं. त्यातून निघणाऱ्या रेडिओ लहरींनी कातडीच्या आतल्या थराला ऊब लागते. त्या थरात कोलॅजेनचे धागे असतात, कातडीला ताठपणा असतो तो त्यांचा. ऊब मिळाली की ते किंचित आकसतात आणि पुढच्या काही महिन्यांत शरीर थोडे नवे धागे विणतं. जुन्या गोधडीला आपण पुन्हा टाके घालतो ना, तसंच काहीसं. हे थोतांड नव्हे बरं का. डॉक्टरांकडच्या अशा मोठ्या यंत्राला अमेरिकेत २००२ साली मान्यता मिळाली आहे. घरच्या यंत्राची ताकद मुद्दामच कमी ठेवलेली असते, आपल्या हातून भाजू नये म्हणून.

तरी मी भाजून घेतलंच! झालं असं, की कंपनीची जेलची बाटली तीन आठवड्यांत संपली. नवी मागवायची तर आणखी नऊशे रुपये. अंगणात कोरफड माजलेली. म्हटलं, गर तोही बुळबुळीत, जेलही बुळबुळीत. चेहऱ्याला काय कळतंय? तोवर पोटावरही यंत्र फिरवायला लागले होते, दोन बाळंतपणांत सैल पडलेलं पोट जरा आत जाईल म्हणून. कोरफडीचा गर बघता बघता वाळतो. त्यात दूध उतू जाण्याचा वास आला. एक डोळा स्वयंपाकघराकडे, हात गालाच्या हाडावर थांबलेला. फोडणी उडावी तसा चटका बसला. संध्याकाळपर्यंत लाल, चार दिवसांनी खपली आणि खपलीखाली मसुराच्या डाळीएवढा काळा डाग.

"हे काय गं?" ह्यांनी विचारलं.

"फोडणी उडाली," मी म्हटलं. दुसरं खोटं.

त्याच आठवड्यात मोखाड्याकडच्या पाड्यावरची आमची नेहमीची भाजीवाली कंटोली घेऊन आली. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी तरी लहान, पण चेहरा सगळा सुरकुतलेला. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जायचं, पावसाळ्याच्या तोंडाशी परतायचं, उन्हाळ्यात हंडे वाहायचे. तिच्या नजरेतून डाग सुटला नाही. तिला का कोण जाणे, मी सगळं खरं सांगितलं. यंत्र आणून दाखवलं, किंमत मात्र निम्मी सांगितली. ती खदखदून हसली. "बाय, तू शेक इकत घेतलास? आमाला तं भट्टीवर फुकट मिलतं!" (तिकडची माणसं सगळ्यांनाच 'तू' म्हणतात, त्यात उणं काही नसतं.) मला शरमेने कानकोंडं झालं. पण हसणं ओसरल्यावर ती हळूच म्हणाली, "मना लाव ना जरा." मी ओशाळून म्हटलं, जेल संपलंय. खरंच संपलं होतं. पण तिला ते पटल्यासारखं वाटलं नाही.

डाग जाईना तेव्हा सासूबाईंची औषधं आणायच्या निमित्ताने मी त्र्यंबकमार्गे नाशिक गाठलं. त्वचेच्या डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाच्या. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "काकू, यंत्राला तेच जेल लागतं, कारण लहरी त्यातून सारख्या पसरतात. वाळलं की सगळी उष्णता एका ठिपक्यावर येते. आणि आपल्या सावळ्या कातडीला भाजलं की डाग राहतो." माझ्या गालांवर जुना वांग आहे. तो फक्त उन्हानेच नव्हे, उष्णतेनेही गडद होतो, चुलीच्या धगीनेसुद्धा, हे मला पहिल्यांदाच कळलं. मला भट्टी आठवली.

पोटाबद्दल त्यांनी सरळ सांगून टाकलं. बाळंतपणात पोटाचे स्नायू मधोमध फाकतात, यंत्राची ऊब तिथवर पोचत नाही. त्याला व्यायामच हवा, तोही शिकवणाऱ्याच्या देखरेखीखाली. आणि चेहरा? पाळी गेल्यावर पहिल्या पाच वर्षांत कातडीतलं कोलॅजेन सुमारे ३० टक्के घटतं, म्हणाल्या. घरच्या यंत्राने थोडा फरक पडतो, तो दिसायला दोन-तीन महिने लागतात आणि वापर थांबवला की हळूहळू ओसरतो. त्यापेक्षा रोज सकाळी उन्हापासून बचाव करणारं मलम लावलं तर आहे ते टिकेल, घरात असलात तरी लावा, खिडकीच्या काचेतूनही ऊन कातडी पिकवतं. हृदयात पेसमेकर असेल, दिवस गेले असतील, त्या जागी शरीरात धातू असेल, तर हे यंत्र हातातही घ्यायचं नाही. गळ्याच्या पुढच्या बाजूला, थायरॉईडवर फिरवायचं नाही. हे सगळं माहितीपत्रकात होतं हो, बारीक अक्षरात. मी चष्मा न लावता वाचलं होतं. बरं झालं विचारलं, कारण सासूबाई "ते गरम यंत्र माझ्या मांडीला लाव गं" म्हणून मागे लागल्या होत्या, आणि त्यांच्या मांडीत सळई आहे.

सासूबाईंच्या डोळ्यांचा प्रसंग तर सांगायचाच राहिला. मुलीने ठाण्याहून लाल दिव्यांचा मुखवटा पाठवला होता, तोही कातडीसाठीच. भाजल्यावर यंत्र बाजूला ठेवलं होतं, म्हणून एका संध्याकाळी तो चढवून बसले. तेवढ्यात आमच्याकडे पावसात जाते तशी वीज गेली. मुखवटा मात्र चार्ज केलेला. अंधारात नुसता लाल चेहरा. सासूबाई भिंत धरत माजघरात आल्या आणि हात जोडून उभ्याच राहिल्या. त्यांचं माहेर मोखाड्याकडचं. लहानपणापासून बोहाड्यात रात्र रात्र मशालींच्या उजेडात मुखवट्यांची सोंगं बघितलेली. त्यांना जगदंबाच दिसली! मी घाईघाईने मुखवटा काढला, हसतही होते. पण त्या म्हणाल्या, "नीट दिसत नाही गं आता मला. माणूस ओळखू येत नाही." माझं हसू जागच्या जागी विरलं.

दुसऱ्या दिवसापासून ब्लाऊज शिवायला घेतले. गौरी-गणपती, नवरात्र, दिवाळी. रात्री अकरा-अकरापर्यंत मशीन चालवत होते. "एकदम एवढा उत्साह कुठून आला?" हे म्हणायचे. दिवाळीपर्यंत बारा हजार जमले आणि मी जाहीर केलं, भिशी लागली!

ऑपरेशन कार्तिकात झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा मी समोर होते. सासूबाईंनी डोळे मिचकावले, मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "अगंबाई! किती म्हातारी झालीस गं तू!" मग जवळ ओढून गालावर बोट टेकवलं. "आणि हा डाग कसला?"

त्यांना सांगितलं सगळं. भिशीचंसुद्धा. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "मग गळा झाला का घट्ट?"

थोडा झालाय, असं मला वाटतं. डाग पुसट झाला आणि डॉक्टरीणबाईंनी हो म्हटलं, तेव्हापासून आठवड्यातून दोनदा, कंपनीचं जेल लावून, फक्त जबड्याच्या कडेला फिरवते. गालाला नाही. भाजीवाली आता भट्टीवर गेली आहे, जेठात परतेल. तिच्यासाठी एक बाटली बाजूला ठेवली आहे.

ह्यांना अजून काही माहीत नाही. पण हा अंक आमच्या घरी दर शनिवारी येतो, आणि शब्दकोडं सोडवायला तो आधी ह्यांनाच लागतो.