चार भोके

कुणी दगाफटका केला, तर आमच्या घरी ‘त्याने होडीला भोक पाडले’ असे म्हणत. नेमके तेच काम करायला मी मुंबईहून देवबागेत आलो होतो.

कर्ली नदी समुद्राला मिळते त्या मुखाशी वडिलांनी चाळीस वर्षे गरवले. त्यांना काठी ठाऊक नव्हती. हातात दोरी, दोरीला गरी, आणि सारा जीव तर्जनीवर. शेंगाळा धक्के देतो, तांबोशी एकदम खडकाकडे मुसंडी मारते; मासा दिसण्याआधीच ते त्याचे नाव सांगत. पक्षाघाताने डावा हात गेला आणि हे सगळे थांबले, कारण दोरी ओढायची तर दोन हात लागतात. काठी होडीलाच धरायला लावली, तर रीळ एका हाताने फिरवता येईल, असा माझा हिशेब. म्हणून हा रॉड होल्डर, म्हणजे काठी उभी करायचे एक तिरके पोलादी नळकांडे.

‘‘होडयेक भोका पाडूक इलस?’’ पिशवी उघडताच बाबांनी विचारले.

‘‘चारच, बाबा.’’

ते काही बोलले नाहीत. उंडीच्या लाकडाची ती होडी त्यांनी दर पावसाळ्यापूर्वी तेल पाजून जपली होती. मी काठावर पेन्सिलीने खुणा केल्या, तेव्हा मात्र त्यांना राहवले नाही. ‘‘थय नको. फळी फुटतली. फासळयेर घे.’’ त्यांचे बरोबर होते. मोठा मासा पळू लागला की नळकांडे खाली दाबले जात नाही. लांब काठी पहारीसारखी ते उचकटू पाहते. नुसते स्क्रू अशा वेळी लाकडासकट निघतात. बोल्ट आरपार हवेत, खाली पट्टी हवी. पोलादही ३१६ प्रतीचे घेतले होते. त्यात मॉलिब्डेनम असते, त्यामुळे ते खाऱ्या पाण्याला अधिक टिकते.

माझे विजेचे ड्रिल त्यांनी दूर सारले आणि गिरमिट मागितले. गिरमिट एका हाताने फिरते, हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. चारही भोके त्यांनी पाडली. मध्ये तीनदा थांबले. मी शहाणपणाने समुद्राकडे पाहत राहिलो. मग प्रत्येक भोकात त्यांनी तेलात भिजवलेला बोळा फिरवला. कापल्या जागी लाकूड पाणी पिते आणि आतून कुजते.

संध्याकाळी मी वल्ही मारली. भरतीला काठीचे टोक वाकले. बाबांनी उजवा हात काठीच्या बुंध्यावर ठेवला, डोळे मिटले आणि म्हणाले, ‘‘तांबोशी.’’

रीळ त्यांनीच फिरवले. वर आला शेंगाळा.

बराच वेळ ते नळकांड्याकडे पाहत होते. मला वाटले, आता हे काढून टाक म्हणणार.

‘‘माझा बोट दोरयेक पावना नाय,’’ ते म्हणाले. ‘‘वीतभर हयसर आण.’’

रात्री कंदिलाशी बसून मी जुन्या चार भोकांसाठी उंडीच्या खुंट्या तासल्या. दोन त्यांनी नापसंत केल्या.