नंदाखालच्या वाड्या आणि वरळीचा फड

विरार म्हटले की आपल्यापुढे उभी राहते ती लोकलची रेटारेटी. पण स्टेशनच्या पश्चिमेला उतरून बोळिंजवरून आगाशीकडे जाणारी बस धरा. हळूहळू इमारती विरळ होतात, केळी, नारळ आणि भाजीच्या वाड्या दिसू लागतात आणि नंदाखाल येते. इथले पवित्र आत्म्याचे चर्च १५७३ सालचे. चिमाजीअप्पांनी वसई घेतली ती १७३९ साली, म्हणजे त्याच्याही दीडशेवर वर्षे आधीचे. उस्मानाबादच्या २०२० च्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचा जन्म याच गावचा, १९४२ चा. घराघरांत सामवेदी बोली. ती आपल्या घाटावरच्या कानाला पहिल्यांदा समजत नाही. चार वेळा चहा झाला की समजू लागते.

वाडीत शिराल तर बावखल अवश्य पाहा. ही गोड्या पाण्याची तळी पूर्वजांनी हाताने खोदलेली. पावसाचे पाणी त्यांत साठते, जमिनीत मुरते आणि आजूबाजूच्या विहिरी गोड ठेवते. समुद्र हाकेच्या अंतरावर असताना इथे केळी पिकते, त्यामागे ही बावखले आहेत. ज्या गावांनी ती बुजवली त्यांच्या विहिरींना खारे पाणी लागले तर त्यात नवल कसले?

पण आज शेतीची गोष्ट सांगायची नाही, कुस्तीची सांगायची आहे. मी मूळचा कराडकडचा. बदली होईल तिथे आधी तालीम कुठे आहे ते विचारायची खोड. नंदाखालला हौदा काही सापडला नाही. मुले मैदानात फुटबॉल खेळत होती. सापडले ते पंच्याऐंशीच्या घरातले एक बागायतदार काका. म्हणाले, "साहेब, आमच्या गावात माती नाही, पण दारासिंग आम्ही डोळ्यांनी बघितला."

विरारहून मुंबईला लोकल सुरू झाली ती १२ एप्रिल १८६७ ला, एक फेरी जाण्याची आणि एक येण्याची. पुढे याच गाडीने वसईची भाजी, केळी आणि फुले मुंबईला जात राहिली. काका तरुणपणी पहाटेच्या गाडीने भाजी घेऊन दादरला जायचे. कुस्ती असेल त्या दिवशी परतीची गाडी चुकवायची, महालक्ष्मीला उतरायचे आणि चालत वरळीचे वल्लभभाई पटेल स्टेडियम गाठायचे. आज तिथे मोठे घुमटाचे सभागृह आहे. त्या काळी तिकीट काढून हजारो लोक बसत. गिरणी कामगार त्यांत पुष्कळ. सातारा-कोल्हापूरकडून आलेले, लालबाग-परळच्या तालमीत घाम गाळणारे.

ही कुस्ती आपल्या मातीतली नव्हे. चौकोनी मंच, चारी बाजूंना दोर, खाली गादी. नाव 'फ्रीस्टाईल'. ऑलिंपिकमध्ये याच नावाचा नियमबद्ध प्रकार आहे, त्याच्याशी या खेळाचा संबंध नावापुरता. वरळीच्या फ्रीस्टाईलमध्ये ठोसे, दोरावरून उड्या, मंचाबाहेर फेकाफेक सारे चाले. आपल्या वर्तमानपत्रांत 'सभेत फ्रीस्टाईल' असा मथळा येतो, तो शब्द या खेळातूनच लोकांच्या तोंडी रुळला.

या खेळाचा राजा दारासिंग. जन्म १९२८ चा, अमृतसर जिल्ह्यातील धर्मूचक या खेड्यात, शेतकऱ्याच्या घरी. १९४७ साली तो सिंगापूरला गेला आणि तिकडे पैशाची कुस्ती शिकून आला. हंगेरीत जन्मलेला किंगकाँग म्हणून एक मल्ल होता, खरे नाव एमिल झाया. वजनाने दारासिंगापेक्षा कितीतरी जड. त्याला दारासिंगाने डोक्यावर उचलून फिरवले, ही गोष्ट खेडोपाडी पोचली. १९५९ साली कलकत्त्यात जॉर्ज गोर्डिएंकोला हरवून राष्ट्रकुलाचे विजेतेपद मिळाले, आणि २९ मे १९६८ ला मुंबईत अमेरिकेच्या लू थेझला पाडल्यावर तो जगज्जेता म्हणून जाहीर झाला. तोवर सिनेमाही हाती आला होता.

आता तुम्ही विचाराल, या कुस्त्या खऱ्या की खोट्या? मीही काकांना तेच विचारले. ते हसले आणि म्हणाले, "साहेब, पडणारा खरा पडायचा, हाड खरे दुखायचे. कोणी पडायचे ते मात्र दुसराच कोणी ठरवायचा. आमचा दादरचा दलाल तसाच. भाजी आमची, घाम आमचा, भाव त्याचा."

इतकी वर्षे बाजारभावाची पत्रके वाटून मला जे नीट सांगता आले नव्हते ते काकांनी एका वाक्यात सांगितले. फ्रीस्टाईल भरवणारा प्रमोटर मैदान भाड्याने घेई, मल्ल ठरवी, जाहिरात करी, तिकिटे विकी. कोणाची जोड कोणाशी आणि ती किती रंगवायची हे त्याच्या हातात. आपल्याकडे अशा कुस्तीला 'नुरा' म्हणतात. लोकही काही अगदी भोळे नव्हते. पैसे मोजून करमणूक घ्यायला जात, तमाशाला जावे तसे.

फसवणूक होई ती खरी कुस्ती म्हणून नुरा विकली जाई तेव्हा. हमीदा बानूची हकिगत ऐका. ही उत्तर प्रदेशातील बाई, अलीगढला तालीम केलेली. जो मला पाडील त्याच्याशी लग्न करीन, असे तिने पुरुष मल्लांना जाहीर आव्हान दिले. मे १९५४ मध्ये बडोद्याला बाबा पहिलवान १ मिनिट ३४ सेकंदांत चीत झाला. त्याच वर्षी मुंबईत व्हेरा चिस्टिलिन या रशियन बाईला तिने मिनिटाच्या आत पाडले. आपल्या कोल्हापुरात मात्र एका पुरुष मल्लाला पाडल्यावर प्रेक्षकांनी तिच्यावर दगड फेकले. कुस्तीच्या पंढरीला हे शोभले नाही, असे मी तरी म्हणेन. पुढे तिच्या कुस्त्यांना आडकाठी होऊ लागली, तेव्हा तिने मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे तक्रार केली. उत्तर आले की बाई म्हणून मनाई नाही. भरवणारे तिच्यापुढे बनावट मल्ल उभे करतात अशा तक्रारी आहेत. चलाखी भरवणाऱ्यांची, आणि कुस्ती बंद झाली ती तिची! अखेरच्या काळात ती कल्याणला राहून दूध विकत असे. १९८६ साली वारली. कल्याण म्हणजे नंदाखालच्या जुन्या ठाणे जिल्ह्यातलेच. पालघर वेगळा झाला तो २०१४ साली. तिची आठवण जगाला झाली ती गेल्या काही वर्षांत.

आपल्या जत्रेतल्या फडावरही पैशाचीच कुस्ती असते, हे विसरू नका. फरक एवढाच की तिथला प्रमोटर म्हणजे गाव. वर्गणी गावाची, इनाम आधी जाहीर, जोड चारचौघांत हात लावून ठरते. लहान पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्यांपासून सुरुवात, हलगी चढत जाते आणि दिवस कलताना शेवटची मोठी कुस्ती. चुकीचा निकाल दिला तर पंचाला उद्या त्याच गावात तोंड दाखवायचे असते. म्हणून गावचा फड निर्मळ असतो असे मात्र समजू नका. दोघांनी आधीच ठरवून बरोबरीत सोडवलेल्या कुस्त्या तुम्हीही पाहिल्या असतील. वरच्या पातळीवर तर २०२३ च्या नोव्हेंबरात दोन गटांनी दोन ठिकाणी, फुलगावला आणि धाराशिवला, वेगवेगळी 'महाराष्ट्र केसरी' भरवली. १९६१ पासून चालत आलेल्या किताबाची ही दशा! दोन्हीकडे जिंकणाऱ्या पोरांचा त्यात काय दोष?

गावच्या पैशाचे बळ काय असते ते खाशाबा जाधवांच्या बाबतीत दिसले. कराडशेजारच्या गोळेश्वरचा हा मल्ल १९५२ साली हेलसिंकीला गेला तो लोकांच्या वर्गणीवर. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी त्यासाठी आपले घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कराडहून शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. त्यानंतर त्यांनी काय केले? कोल्हापुरात इनामाच्या कुस्त्या मारल्या आणि ते पैसे प्राचार्यांना दिले, गहाण पडलेले घर सोडवायला. पुढे पोलिसांत नोकरी केली. १९८४ साली अपघातात गेले, आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो मृत्यूनंतर कितीतरी वर्षांनी.

वरळीचा तो काळ संपला. दारासिंग १९८३ साली निवृत्त झाला, २०१२ साली वारला. किंगकाँग १९७० मध्येच सिंगापूरला मोटार अपघातानंतर गेला होता. धंदा मात्र जिवंत आहे. २०१२ साली पुण्याजवळ बालेवाडीला चित्रित केलेली 'रिंग का किंग' ही मालिका दूरदर्शन संचावर आली, अमेरिकन कंपनीची. एका हंगामात आटोपली. पंजाबात जालंधरला 'द ग्रेट खली'ने २०१५ साली आपली शाळा काढली. आपल्या तालमीतल्या पोरांनाही कोणी ना कोणी बोलावणारा भेटतच असतो.

म्हणून ज्यांच्या घरी पैलवान पोसला जात आहे त्यांना सांगतो. रोजचे दूध, तूप, बदाम यांचा हिशेब एका वहीत लिहा, जसा उसाच्या खताचा लिहिता. एका म्हशीचे दूध घरात जिरते, तेही खर्चात धरा. आणि कोणी 'पोराला मोठ्या फडात उतरवतो' म्हणत दारात आला, तर त्याला पाणी द्या, बसवा आणि विचारा: इनाम किती, ते कुस्तीआधी कोणाकडे ठेवणार? जोड कोण ठरवणार? गुडघा निखळला तर दवाखान्याचा खर्च कोणाचा? करार असेल तर तो मराठीत लिहून मागा आणि सही करण्याआधी चार दिवस घरात ठेवा.